गिरणगावापासून कासारवाडीपर्यंत : कामकऱ्यांच्या चावडीचा इतिहास

वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र जमून व्याख्याने ऐकण्याची चाल आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पडली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ गावोगावी अशा माला गुंफल्या गेल्या. आपली ही मालाही त्याच वेलीवरची. व्याख्यानमालेत एकजण बोलतो आणि पुष्कळजण ऐकतात. या रीतीविरुद्ध आमची तक्रार नाही. आज बोलण्याची पाळी आमची असल्यामुळे तर मुळीच नाही! परंतु आम्ही ज्या जगातून येथे आलो आहोत, त्या जगात बोलण्याची दुसरी एक रीत आहे. कारखान्याच्या फाटकापाशी, चाळीच्या जिन्यात, चहाच्या टपरीवर आणि लोकलच्या डब्यात एकजण आपले मत मांडतो, दुसरा ते खोडून काढतो, तिसरा चार समजुतीच्या गोष्टी सांगतो आणि चौथा अशी काही थट्टा करतो की पहिल्याचा राग जागच्या जागी निवतो. गावाकडच्या माणसाने या बैठकीला चावडी हेच नाव दिले. गाव सुटले तरी शब्द सुटला नाही.

मत, सल्ला आणि थट्टा हे या चावडीचे तीन दगड. चूल तीन दगडांवरच बसते. एक काढला तर भांडे कलंडते. नुसत्या मतांची भांडणे होतात, नुसत्या सल्ल्याचे प्रवचन होते आणि नुसत्या थट्टेचा तमाशा होतो, तोही वगाशिवायचा! तिन्ही एके ठिकाणी आली म्हणजे परक्या माणसांत जवळीक निर्माण होते. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की, कामगार चळवळीचा इतिहास संपांच्या तारखांनी जेवढा समजतो, तेवढाच तो या चावड्यांच्या इतिहासाने समजतो. जेथे ऐकणाराला उलट उत्तर देण्याची सोय होती, तेथून संघटना उभी राहिली. जेथे ती सोय नव्हती किंवा काढून घेतली गेली, तेथे माणसे पुष्कळ असूनही जमावच राहिला.

आरंभ छापखान्यापासून करावा लागतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. एका बाजूस मराठी व शेजारी इंग्रजी अशी त्याची मांडणी होती. पुढे २४ ऑक्टोबर १८४१ रोजी भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ निघाले. ‘प्रभाकर’ आपण आज आठवतो ते मुख्यतः एका पत्रलेखकामुळे. १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या सहीने एकशे आठ पत्रे त्यात प्रसिद्ध झाली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकर होते आणि लिहू लागले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. त्यांनी ग्रंथ न लिहिता पत्रे लिहिली, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ग्रंथास उत्तर द्यावयाचे तर दुसरा ग्रंथ लिहावा लागतो. पत्रास उत्तर द्यावयास एक पत्र पुरते. आपल्याच जातीच्या आळसावर, पोकळ विद्येवर आणि स्त्रियांवरील जुलमावर त्यांनी जे कोरडे ओढले, ते याच घरगुती रीतीने. आणि टोपणनाव हेही भित्रेपणाचे लक्षण नव्हे. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती आहे, त्याला खरे बोलावयाचे असेल तर नावावर पदर घ्यावा लागतो. निनावी चिठ्ठी लिहिणाऱ्या कामगाराला भेकड म्हणणारांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

पण या चावडीवर बसत कोण होते? ज्याला वाचता येई आणि अंक विकत घेण्याची ऐपत होती, तोच. शेतकरी, कुणबी, महार, कोष्टी यांच्याविषयी तेथे लिहिले जाई. त्यांनी लिहिण्याची वेळ अजून यावयाची होती.

ती वेळ आली १ जानेवारी १८७७ रोजी. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी त्या दिवशी पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. पैशाच्या अडचणीने ते चालेना, तेव्हा १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. लोखंडे १८४८ साली जन्मलेले, म्हणजे ‘प्रभाकरा’तील पहिल्या पत्राचे समवयस्क! ते एका गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीचा भोंगा, जॉबरची शिवी, महिना उलटून गेला तरी हाती न पडणारा पगार, या गोष्टी त्यांना कोणी सांगाव्या लागल्या नाहीत. लेखणी धरणारा आणि हजेरी देणारा एकाच आवारात आला, हे ‘दीनबंधु’चे वेगळेपण. गिरणगावात अक्षर ओळखणारे थोडे होते, पण एकाने वाचावे आणि खोलीभर माणसांनी ऐकावे ही आपली पोथीची रीत तेथे होतीच. पोथीच्या जागी वर्तमानपत्र आले, आणि पोथीपेक्षा त्यात एक गोष्ट अधिक होती : ऐकणाऱ्याला मध्येच ‘हे खोटे आहे’ असे म्हणता येत होते.

या बोलण्यातून काय निघाले ते पाहण्यासारखे आहे. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला होता, पण त्यात मुलांपुरते थोडे संरक्षण होते. प्रौढ कामगाराचे नाव नव्हते. १८८४ साली फॅक्टरी कमिशन बसले, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा बोलाविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या कोणत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची तरतूद. श्रोतेहो, ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. यात एकही पुस्तकी शब्द नाही. ही यादी चाळीच्या गॅलरीत तयार झालेली आहे, हे ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. हजारो तोंडांतील तक्रार पाच कलमांत बसविणे हे लोखंड्यांचे काम. त्या वेळी उभी राहिलेली गिरणी कामगारांची सभा, म्हणजे बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन, हे त्याचे फळ.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. ज्या काळी शिकलेल्या घरांतील स्त्री दाराबाहेर बोलत नव्हती, त्या काळी गिरणीतल्या बायका दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीस आधार मिळाला. रविवारी सकाळी आपण उशिरा उठतो तेव्हा लोखंड्यांची आठवण किती जणांस होते, हे आम्ही विचारीत नाही. उत्तर आम्हांस ठाऊक आहे.

परंतु आपल्या माणसांचे गुणच गाऊन इतिहास होत नाही. ‘दीनबंधु’च्या चावडीलाही कुंपण होते. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे लोखंड्यांनी १८८३ साली छापली आणि पुढची छापण्याचे नाकारले. सरकार व उच्चवर्गीय यांचा रोष पत्राला परवडणार नाही असे त्यांना वाटले असावे. जोतीरावांना हे लागले. दोघेही एकाच चळवळीतले, एकमेकांस मानणारे. तरी ‘हे छापू की नको’ या प्रश्नावर त्यांच्या वाटा क्षणभर फुटल्या. चावडी आपली असली तरी तिच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हा प्रश्न उरतोच. पुढे १९०८ नंतर, वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनामुळे, ‘दीनबंधु’च्या संपादनाची जबाबदारी तानूबाई बिर्जे यांनी उचलली. त्या सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. किल्ल्या एका बाईच्या कमरेला आल्या, ही त्या काळची लहान गोष्ट नव्हे.

आता सल्ल्याकडे वळू. सल्ला देणे सर्वांस आवडते, घेणे कोणासच आवडत नाही, असे म्हणतात. यास एक सुंदर अपवाद पुण्यातच सापडतो. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. मुली खंडोबाला सोडण्याच्या, म्हणजे मुरळी करण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी त्यात लिहिले आणि त्या मुलींची लग्ने व्हावीत असा आग्रह धरला. आजवर मुरळीविषयी बोलणारे पुष्कळ झाले होते. परंतु १९०९ साली त्या मासिकात शिवूबाई नावाच्या मुरळीचेच पत्र प्रसिद्ध झाले. जिच्याविषयी चर्चा चालली होती, ती स्वतःच चर्चेत येऊन बसली! ‘आमचे लग्न व्हावे म्हणता, तर आमच्याशी लग्न करावयास कोण तयार आहे?’ असा त्या उत्तराचा रोख होता. आणि त्यातून तिचे लग्न झाले. उपदेशाची शंभर व्याख्याने जे करू शकली नाहीत ते एका उलट उत्तराने केले. ज्याला सल्ला द्यावयाचा त्याला बोलू दिले म्हणजे सल्ला देणाराची जबाबदारी कशी वाढते, हे यावरून शिकावे.

थट्टेचा इतिहास सांगावयाचा तर तमाशातल्या सोंगाड्यापासून आरंभ करावा लागेल. राजा, प्रधान, पाटील यांच्या तोंडावर खरे बोलण्याची सनद आपल्या लोकांनी कोणाला दिली असेल तर सोंगाड्याला. सत्यशोधकांनी ही सनद ओळखली आणि गण, गौळण, बतावणी यांना नवा अर्थ देऊन जलसे उभे केले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव, दत्तक गेल्याने पाटील झालेले, यांनी १९१० पासून अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ चालविला आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही. शहर नाही, वीज नाही, आणि सत्तावन्न वर्षे वर्तमानपत्र! त्यांच्या ‘आसुडाचे फटके’ या सदराची वाचक वाट पाहत. १९१३ साली त्यांनी ‘कुळकर्णीलीलामृत’ लिहिले. पोथीच्या थाटात, ओवीबद्ध, आणि लीला कोणाच्या तर गावच्या कुळकर्ण्यांच्या! ज्या शेतकऱ्याला दप्तरातील लबाडी कळत होती पण बोलता येत नव्हती, त्याला ती पोथीच्या चालीवर म्हणता येऊ लागली. भीती जाण्याची पहिली पायरी हसू ही आहे, असे आमचे नम्र मत आहे.

मुंबईच्या गिरणगावात हेच काम पुढे १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाने केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर हे त्याचे तीन शाहीर. अण्णा भाऊंच्या ‘अकलेची गोष्ट’सारख्या लोकनाट्यात सावकार आणि सरकार यांची अशी काही खिल्ली उडे, की कामगार हसत हसत अर्थशास्त्र शिकून जाई. भाषणास कंटाळलेला मनुष्य डफाची थाप ऐकली की थांबतो. आमच्या पिढीतल्या किती पुढाऱ्यांनी आपली सभा शाहिराच्या आधारावर भरविली, हे त्यांनी आपापल्या मनाशी कबूल करावे!

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. याच गिरणगावात सर्वांना चावडीवर सारखी जागा नव्हती. विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांस घेत नसत. कारण कांडी बदलताना धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची सबब पुढे येई. पाण्याची मडकीही निराळी. १९२८ च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपात डॉ. आंबेडकरांनी नेमका हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला. मालकाविरुद्ध एक व्हा म्हणता, मग विणकाम खाते आम्हांस का बंद? ज्या माणसाला खात्यात जागा नव्हती त्याला मत मांडावयास, सल्ला घ्यावयास, बरोबरीने हसावयास जागा कोठून असणार? म्हणून तर डॉ. आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ काढावे लागले. एका चावडीने दार लावले म्हणजे दुसरी बांधावी लागते. ती बांधणारांना फुटीर म्हणणे सोपे आहे. दार कोणी लावले हे विचारणे अवघड आहे.

चावडी मालकाने बांधून दिली तर? त्याचाही नमुना आपल्याकडे आहे आणि तो हिणकस नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. हेतू साधा : कारखान्यातील माणसे, नांगरांचे गिऱ्हाईक व विक्रेते यांना बातमी पोहोचावी. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती पडल्यावर त्या गृहपत्राचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि सबंध महाराष्ट्राने ते वाचले. शंकरराव स्वतः व्यंगचित्रकार. त्यांच्या ‘टाकांच्या फेकी’ अनेक ढोंगांना लागल्या. उद्योग, आरोग्य, रूढी, विवाह, सर्व विषयांवर मत, सल्ला आणि विनोद या तिन्हींची तेथे रेलचेल होती. कारखान्यातून निघालेले पत्र घराघरांत सुधारणा नेऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. मात्र अशा पत्राची एक मर्यादा स्वभावतःच असते. रूढीची थट्टा तेथे खुशाल करता येते. पगारपत्रकाची थट्टा करावयाची तर ती फाटकाबाहेरच करावी लागते.

त्या फाटकाबाहेर आता आपण येऊ. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली झाला. खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला. तरी दापोडीच्या पलीकडे कासारवाडी, पिंपरी, भोसरी, चिंचवड ही गावेच होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मग दहा-पंधरा वर्षांत जोंधळ्याच्या शेतांवर शेड उभ्या राहिल्या. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. ११ मार्च १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल धावू लागली. कासारवाडीचे स्थान मोठे मोक्याचे : येथे जुना मुंबई-पुणे रस्ता, येथेच नाशिकचा फाटा, आणि येथेच लोकलचे ठाणे. भोसरीकडे जाणारा, पिंपरीकडे जाणारा, चाकणकडे जाणारा, सगळ्यांचा चहा एकाच टपरीवर. म्हणजे चावडीला लागणारी पहिली गोष्ट, वाटा फुटण्याची जागा, येथे आयतीच होती.

आम्ही या भागात कामगारांत काम करू लागलो तेव्हा चावडीचे मुख्य साधन होते ते फाटकाजवळचा काळा फळा. त्याची रीत अशी असे. वरच्या भागात संघटनेचे मत : वाटाघाटी कोठवर आल्या, बोनसबाबत भूमिका काय. मधल्या भागात सल्ला. तो बहुधा क्रमांक घालून लिहिलेला असे. कोऱ्या कागदावर सही करू नये. रजेचा अर्ज दोन प्रतींत द्यावा व एकीवर पोच घ्यावी. बोट चेपले तर ‘किरकोळ आहे’ म्हणून घरी जाऊ नये. अपघाताच्या वहीत नोंद झाल्यावरच जावे. राजीनामा तोंडी देऊ नये, रागाच्या भरात तर लेखीही देऊ नये. प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठीवरील आपले नाव व बापाचे नाव ताडून पाहावे. हा सल्ला कोणी विद्वानाने दिलेला नसे. ज्याने कोऱ्या कागदावर सही करून नोकरी गमावली होती, त्याच्या अनुभवातून पहिले कलम आलेले असे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याची, १९५२ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्याची, १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची कलमे आम्ही या फळ्यावर शिकलो. पुस्तके मागाहून वाचली.

आणि फळ्याचा खालचा कोपरा मोकळा ठेवलेला असे. खडू दोरीने बांधलेला. त्या कोपऱ्यात कोण काय लिही ते विचारावयाचे नाही, असा संकेत होता. जेवणाची सुट्टी कमी केली तेव्हा तेथे जाहिरात लागली होती : ‘हरवली आहेत : दहा मिनिटे. सापडल्यास टाइम ऑफिसात जमा करू नयेत.’ एकदा वर लिहिले होते, ‘आज फाटकसभेत अध्यक्ष फक्त पाच मिनिटे बोलतील.’ खाली दुसऱ्या अक्षरात प्रश्न आला, ‘ओव्हरटाइम धरून किती?’ अध्यक्षांनी ते वाचले, हसले, आणि खरोखर पाच मिनिटांत आटोपले. पुढाऱ्याला ताळ्यावर ठेवण्याची याहून स्वस्त युक्ती आम्हांस माहीत नाही. घटनेत अविश्वासाचा ठराव असतोच; पण तो येण्याच्या आधी खडूचा कोपरा बरेच काम करून जातो.

एका कारखान्यात व्यवस्थापनाने हा फळा काढून त्या जागी काचेचे कपाट बसविले. कुलूप लावले, किल्ली कार्यालयात. दुसऱ्या एका ठिकाणी कामगारांच्याच संघटनेने तसेच केले, ‘शिस्त राहावी’ म्हणून. दोन्हीकडे परिणाम एकच झाला. सूचना नियमित लागू लागल्या, अक्षर सुंदर झाले, आणि तेथे कोणी थांबेनासे झाले. मात्र माणसांचे बोलणे थांबत नाही. ते संडासाच्या भिंतीवर गेले. जेथे उत्तर देता येत नाही तेथे अफवा पिकते. ‘शेड बंद होणार’, ‘यादी तयार आहे’, ‘अमका फुटला’. फळ्यावर असे काही लिहिले गेले असते तर तासाभरात कोणीतरी खाली ‘खोटे’ असे लिहिले असते. भिंतीवरची अफवा महिनोन् महिने जगते, आणि तिच्या पायी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. काच एवढी महाग पडते.

आमच्या चावडीचे दोषही सांगून टाकतो. थट्टा नेहमी वरच्याचीच होत असे असे नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या पोराच्या बोलीची नक्कल, बिहारी मजुराच्या नावाची मोडतोड, पॅकिंग खात्यातील बायकांवर शेरे, हेही विनोद म्हणून खपत. ज्याला उलट उत्तर देण्याचे बळ नाही त्याची थट्टा करणे ही थट्टा नव्हे. ती जॉबरची शिवीच, फक्त हसत दिलेली. बायका फळ्यापाशी उभ्या राहत नसत त्याचे कारण त्यांना मत नव्हते असे नाही. कोपऱ्यात काय लिहिलेले असेल याची खात्री नव्हती. १८९० साली महालक्ष्मीला ज्या दोघी बोलल्या, त्यांच्या नातीपणतींना शंभर वर्षांनी एका फळ्यापाशी थांबण्याचा संकोच वाटावा, याचा जाब चळवळीने दिला पाहिजे.

आज ही चावडी कोठे आहे? कासारवाडीवरून ६ मार्च २०२२ पासून मेट्रो जाऊ लागली. उड्डाणपुलाखाली पूर्वीचा फाटा ओळखू येत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोठे कारखाने चाकणकडे गेले. तेथे एकाच शेडमध्ये, एकाच पट्ट्यावर, निरनिराळ्या ठेकेदारांची पोरे शेजारी शेजारी उभी असतात. ओळखपत्राची फीत निराळी, पगार निराळा, बस निराळी. बस थेट फाटकाच्या आत उतरविते आणि आतूनच उचलते. वाट फुटण्याची जागाच राहिली नाही. शेजाऱ्याचे नाव, गाव, बोली कळेपर्यंत कंत्राटाचे महिने संपतात आणि नवा शेजारी येतो. हातात मोबाइल आहे, त्यावर गटही आहेत. पण पुष्कळ गटांत मुकादमही बसलेला असतो, आणि मग तेथे सुप्रभातापलीकडे कोणी काही लिहीत नाही. लोखंड्यांच्या काळी लोकांस लिहिता येत नव्हते. आता लिहिता येते आणि लिहावयास भीती वाटते. दोन्हींचा परिणाम सारखाच.

त्यामुळे कोणी असे समजू नये की हा केवळ गप्पागोष्टींचा प्रश्न आहे. पट्ट्यावर बोट गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘वहीत नोंद झाल्याशिवाय घरी जाऊ नकोस’ हे सांगणारा त्या क्षणी शेजारी कोणी असतो की नसतो, यावर त्याचे पुढचे चाळीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. कायदा पुस्तकात असतो. तो माणसापर्यंत चावडीवरूनच पोहोचतो. चावडी मोडली की कायदा असूनही नसल्यासारखा होतो.

मग करावे काय? चाळ आणि टपरी पुन्हा आणता येणार नाही, आणि जुने ते सर्व सोने होते असे आमचे म्हणणेही नाही. परंतु दीडशे वर्षांच्या या इतिहासातून चार नियम निघतात ते चावडी कोठेही भरविली तरी लागू आहेत. पहिला, ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला तेथे जागा असावी. शिवूबाईचे पत्र हा त्याचा दाखला. दुसरा, भाकरी परक्याच्या हाती असलेल्यास नाव झाकून बोलण्याची मुभा असावी. लोकहितवादींना ती होती, कंत्राटी पोराला का नसावी? तिसरा, थट्टा वरच्या पायरीकडे तोंड करून करावी, खालच्या पायरीकडे नव्हे. आणि चौथा, किल्ली एकाच्या कमरेला फार दिवस राहू देऊ नये, मग तो मालक असो, संपादक असो वा आमच्यासारखा युनियनवाला.

हे काम एकट्या संघटनांचे नाही. आपल्या शहरात वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, या व्याख्यानमाला आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी सुटण्याच्या वेळी, एखाद्या वाचनालयाने आपला व्हरांडा चाकणच्या बसमधून उतरणाऱ्या पोरांसाठी मोकळा ठेवला, तेथे एक फळा टांगला, दोरीला खडू बांधला आणि कायदा जाणणारा एखादा निवृत्त माणूस शेजारी बसविला, तर खर्च फारसा नाही. प्रथम कोणी लिहिणार नाही. मग कोणीतरी वाचनालयाच्या चिटणिसांचीच थट्टा लिहील. चिटणिसांनी ती पुसू नये, एवढीच आमची विनंती आहे. पुसली नाही तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास खाली एक खरा प्रश्न लिहिलेला सापडेल.

व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखून ठेवण्याचा प्रघात आहे आणि ती बहुधा वक्ताच खाऊन टाकतो. आमची दहा मिनिटे हरवू नयेत अशी इच्छा आहे. म्हणून आम्ही येथे थांबतो. आता आपण बोलावे.